मागं बसवलेली

हुमनाबादच्या स्टँडवर सोलापूरची गाडी सुरू होऊन घरघरत उभी होती आणि माझे अप्पा तिच्या दाराशी डोळे मिटून प्रार्थना करत होते. मी आत खिडकीशी बसले होते, वय अठरा, मिरजेला नर्सिंग शिकायला निघालेली. अप्पांना लहान प्रार्थना येतच नाही. त्या दिवशी त्यांनी ड्रायव्हर, गाडीची चाकं, मिरजेचं हॉस्टेल आणि तिथली कधी न पाहिलेली स्वयंपाकीण यांना एकेक करून देवाच्या हाती दिलं. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली, मग तोही बिचारा तिकिटांच्या पिशवीवर हात ठेवून गप उभा राहिला. शेवटी एकदाचं ‘आमेन’ झालं तेव्हा मागच्या सीटवरच्या दोन अनोळखी बायांनीही ‘आमेन’ म्हटलं, सुटल्याच्या आनंदात.

मग अप्पा खिडकीखाली आले. “सुले, तिथं काय बी दिलं तर इचारून खा. बांगड्या भरू नगंस, शिनेमाला जाऊ नगंस, आयतवार चुकवू नगंस. आमी न्हाई तिथं, पर त्येला समदं दिसतंय.” माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणते, त्यांच्या मागे उभी होती. तिनं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी वर दिली आणि एवढंच म्हणाली, “पोटभर खा.” मी पुरचुंडी घेतली पण तिच्याकडे बघितलं नाही. चार वर्षं मी तिच्याकडे नीट बघत नव्हते. गाडी हलली तेव्हा मला रडू यायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

हे मी वस्तीवर राहिलेल्यांसाठी लिहितेय, आणि माझ्यासारखे पुणे, बेंगळुरू, मस्कत असे पांगलेत त्यांच्यासाठीही. आपल्यातले काही जण ते नियम पाळत राहिले, काही वैतागून पळाले. मी पळालेल्यांतली. पळालं की सुटका होते असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

आमची वस्ती निर्णा गावापासून दीड कोसावर. तिथं पत्र्याचं एक प्रार्थनाघर आहे, पाच-पन्नास माणसं मावतील एवढं. पाळकसाहेब बीदरहून महिन्यातून एकदा यायचे, प्रभुभोजन द्यायला, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला. बाकी सगळा कारभार अप्पांचा. अप्पा गवंडी. माझ्या जन्माआधी ते इतकी शिंदी प्यायचे की बांधलेली भिंत दुसऱ्या दिवशी त्यांनाच ओळखू यायची नाही, असं अव्वा, म्हणजे आमची आई, हसत सांगायची. पण तिच्या कपाळावरचा व्रण त्याच दिवसांतला होता, आणि त्याबद्दल ती हसत नसे. मग कुणी एक उपदेशक आला, अप्पांनी येशूचं ऐकलं, आणि शिंदी एका दिवसात सुटली. परत त्या वाटेला जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःला नियम घातले. मग आम्हाला घातले. मग सगळ्या मंडळीला घातले.

त्यांच्यावर मी पुष्कळ वर्षं चिडले, पण आज हे लिहिताना मला त्यांची बाजू मांडावीशी वाटते. ज्याला दारूनं एकदा खाली पाडलंय त्याला मोकळं रान आवडत नाही. दर रविवारी अप्पा कृपेवर बोलायचे, इतकं मनापासून की बायका पदरानं डोळे पुसायच्या. देवानं फुकट क्षमा केली, आपण काही कमावलेलं नाही, असं सांगायचे. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत ओळंबा घेऊन माणसं तपासायचे. कुणाच्या केसात फूल, कुणाच्या घरी टीव्ही, कुणी शनिवारच्या संध्याकाळपासून उपास न धरता भोजनाला बसला. जो चुकला त्याला मागं बसवायचं. म्हणजे प्रार्थनाघरात सगळ्यांच्या मागे दाराजवळ एक चटई असायची, तिच्यावर बसायचं. भाकर आणि प्याला पुढून येई, आणि त्या चटईपर्यंत येऊन परत जाई. मंडळीपुढे उभं राहून ‘मी चुकलो’ म्हटलं की माणूस परत पुढे. बहुतेक जण एका महिन्यात पुढे यायचे.

आता येळवसीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. आमच्या सीमेवरच्या लोकांना येळवस सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करायची आणि मग जेवायचं. भज्जी म्हणजे दहा प्रकारच्या ओल्या शेंगा, भाज्या नि बेसन घालून केलेलं दाट कालवण, त्याबरोबर बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यातली गार आंबील. त्या दिवशी वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला हाक मारून बसवतात. जात विचारत नाहीत, नावही विचारत नाहीत.

आमच्या शेजारचं रान मलप्पा अण्णांचं. अप्पांनी त्यांचं घर बांधलं होतं, दोघांचा जीव होता एकमेकांवर. आम्ही खोपीत जेवायला जात नाही हे कळल्यावर मलप्पा अण्णा दर येळवसीला दुपारी गडी पाठवून मोठं पातेलं भरून भज्जी, उंडे आणि आंबीलीचं मडकं घरपोच करायचे. अप्पांची मोठी पंचाईत. परत पाठवावं तर माणसाचा अपमान. खावं तर पांडवांना नैवेद्य दाखवलेलं अन्न, ते नियमात बसत नव्हतं. म्हणून ते दोन्ही हातांनी घ्यायचे, आभार मानायचे, आणि गडी वळला की सगळं म्हशीच्या आंबोणात ओतायचे. अव्वा भांडी घासून लख्ख करून परत पाठवायची. भांडी एवढी साफ परत येताहेत बघून मलप्पा अण्णांना वाटायचं, या घरात आपली भज्जी फार आवडते. ते दर साली थोडं मोठं पातेलं पाठवायचे. आमची म्हैस येळवसीच्या सुमाराला अंगानं भरायची.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाची येळवस. शनिवार होता. संध्याकाळी उपास सुरू होणार, दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब येणार आणि मी पहिल्यांदा बाप्तिस्म्यासाठी परीक्षेला उभी राहणार. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, भक्ती दाखवायची म्हणून. अप्पा पातेलं गोठ्याशी ठेवून कुणाशी तरी बोलायला गेले. मी तिथं शेण भरत होते. झाकणाखालून वास आला आणि मी बसले. बोटानं चाटून बघायचं ठरवलं होतं. नंतरचं मला नीट आठवत नाही. तीन उंडे संपले, भज्जी अर्ध्याच्या खाली गेली, आंबील मी मडक्याला तोंड लावून प्यायले. इतकं चविष्ट मी आजवर काही खाल्लेलं नाही, आणि मी जर्मनीत आहे, इथल्या बेकऱ्या काही वाईट नाहीत.

अप्पा परत आले, पातेलं बघितलं. अक्का विहिरीवरून पाणी घेऊन येत होती. अप्पांनी दोघींना उभं केलं. “कुणी खाल्लं?” माझ्या ओठांना आंबील लागलेली असणार, पण अप्पा चेहऱ्याकडे बघतच नव्हते, ते पातेल्याकडे बघत होते. मी तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, “म्या खाल्लं, अप्पा. भूक लागली हुती.”

ती तेव्हा एकोणीस वर्षांची. भालकीच्या एका घरात तिची सोयरीक जमत आली होती. दुसऱ्या दिवशी ती चटईवर बसली आणि मी पुढे. माझी परीक्षा झाली, मी सगळी वचनं धडाधड म्हटली, ईस्टरला विहिरीत माझा बाप्तिस्मा झाला आणि मी भाकर खाल्ली. ती भाकर मला गिळवेना, जिभेवर तशीच राहिली. महिना झाला, दोन झाले. अक्कानं उभं राहून ‘मी चुकले’ म्हणायचं होतं, बस. ती उठलीच नाही. मी तिला एकदा चुलीपाशी गाठून म्हटलं, अक्का, म्हण की. ती म्हणाली, “तुज्यासाटी एक खोटं बोलले. देवापुढं उभं राहून दुसरं बोलणार न्हाई.” भालकीच्या लोकांनी ‘मागं बसवलेली पोरगी’ नको म्हटलं. अक्काचं लग्न झालं नाही. ती अंगणवाडीत लागली, वस्तीतली सगळी पोरं तिच्या हाताखालून गेली, आणि ती दर रविवारी दाराजवळच्या त्या चटईवर बसत राहिली. तीस वर्षं होत आली.

आणि मी मात्र निघून गेले.

मिरजेला पहिल्याच आठवड्यात मी हिरव्या बांगड्या भरल्या. पुण्याला नोकरीला लागल्यावर सिनेमे बघितले, हवे तेवढे. मग भाषेचा कोर्स केला, परीक्षा दिली आणि जर्मनीत आले, एका नदीकाठच्या गावात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये. इथं मी कुणाची कोण, काय खाते, कुणाला पुजते, कुणी विचारत नाही. मी डुकराचं मांसही खाऊन बघितलं, आवडलं नाही, सोडून दिलं. अप्पांचा एकही नियम मी शिल्लक ठेवला नाही.

पण मला बसता येत नाही. इथं कामाची पाळी संपली की सगळे ‘फायराबेंड’ म्हणतात, म्हणजे आजचं झालं, सुटलो. कोट चढवतात आणि खरोखर जातात. माझी जीभ तो शब्द बरोबर म्हणते, पण मी मात्र परत आत जाऊन कुणाची तरी उशी सारखी करते. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याची शिफ्ट घेते. ख्रिसमसला, ईस्टरला, ज्यांना मुलंबाळं आहेत त्यांच्या जागी मी असते, आणि सगळे म्हणतात सुलोचना किती चांगली. माझं लग्न झालं, चार वर्षांत मोडलं, नवरा म्हणायचा, तू घरात पाहुण्यासारखी उभीच असतेस. दर रविवारी भारतातले दुपारचे दोन वाजले की मी अक्काला फोन लावायचे. एकही रविवार चुकवला नाही. तिच्यासाठी पार्सलं पाठवायचे, गुडघ्याचं मलम, गरम मोजे, रक्तातली साखर तपासायचं मशीन, चष्मा, शाल, पुन्हा शाल. तिनं काही मागितलं नव्हतं. नियम तर मी सगळे मोडले होते, मग हे काय होतं ते मला कळत नव्हतं. फक्त थांबलं तर काहीतरी वाईट होईल असं वाटायचं.

इथल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मी क्वचित जायचे. एकदा अंद्रेआ बरोबर आली, माझ्याच वॉर्डात काम करणारी, तिची आई नुकतीच वारली होती. पंधरा-वीस वर्षांत ती देवळाची पायरी चढली नव्हती, हे ती स्वतःच मोठ्यानं सांगत होती. प्रभुभोजनाची वेळ झाली, सगळे गोल करून उभे राहिले. पाळकबाई एकेकाच्या हातावर भाकर ठेवत आल्या. अंद्रेआनं हात पुढे केला आणि त्यांनी ठेवली. काही विचारलं नाही. अंद्रेआ तिथं उभ्या उभ्या हमसून रडायला लागली. माझी पाळी यायच्या आत मी बाहेर निघाले आणि नदीच्या काठानं तासभर भरभर चालत राहिले. मला भयंकर राग आला होता. एवढं सोपं असतं का? असंच मिळणार असेल तर माझी अक्का दाराशी कशाला बसली? आणि मी हे एवढं सगळं कशासाठी करतेय?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी अक्का फोनवर म्हणाली, “अप्पा बी आता मागंच बसायलेत.” मला कळेना. तिनं सांगितलं ते असं. अप्पांची साखर वाढलेली, त्यात एका शनिवारी उपास धरला आणि ते पडले. हुमनाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, बाबा, यापुढे उपास नाही, नाहीतर जाल. अप्पांनी ऐकलं. रात्री जेवले, सकाळी नाश्ता केला, प्रार्थनाघरात गेले आणि उपास मोडला म्हणून सरळ दाराजवळच्या चटईवर जाऊन बसले. कुणी बसवलं नव्हतं. वर्ष झालं, भोजन नाही, आणि अक्कानं मला आजवर सांगितलं नव्हतं. पाळकांनी समजावलं, ते उठले नाहीत. “डोळं बी गेलेत थोडं. म्हणत्यात, मी बाहेरचाच राहून जाणार,” अक्का म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी रजा मागितली.

घरी पोचले तेव्हा अक्का त्यांना भरवत होती. अप्पांचे हात कापतात आता, घास तोंडापर्यंत जात नाही. हे हात विटेवर वीट असे ठेवायचे की सुतळी लावायची गरज नसे. अक्का भाकरी कुस्करून घास करायची, ओठांपाशी न्यायची, ते तोंड उघडायचे, आणि दोघं आपसात म्हशीबद्दल बोलत असायची. मला बघून अप्पांनी पहिलं विचारलं, “जेवलीस?” अव्वा असती तर तिनंही हेच विचारलं असतं. ती जाऊन सहा वर्षं झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना वादाला घेतलं. नर्स म्हणून सांगितलं, लेक म्हणून सांगितलं, तुमचीच रविवारची प्रवचनं तुम्हाला ऐकवली. म्हटलं, फुकट मिळालेलं आहे असं तुम्हीच सांगायचात ना? उपासाचा काय संबंध? अप्पा म्हणाले, “फुकट हाय, मला ठावं हाय. पर सुले, नियम म्याच केला. त्याच नियमानं शांतेला मागं बसवलो. माज्या पोटच्या पोरीला. तिचं लगीन मोडलं. आता मला दुखायलंय म्हणून नियम सोडू? मग तिला कामून बसवलो, सांग.”

शांता म्हणजे अक्का. ते स्वतःला शिक्षा करत होते आणि ती अन्यायाची होती असं मला म्हणता येत नव्हतं. खरं सांगितलं तर त्यांना कळणार की तीस वर्षं त्यांनी भलत्याच मुलीला बसवलं. नाही सांगितलं तर ते तसेच, आपण बाहेरचे समजून जाणार. मी अंगणात फेऱ्या मारत राहिले. अक्का ओट्यावर बसून अंगणवाडीचे तांदूळ निवडत होती. शेवटी ती म्हणाली, “बस की गं एका जागी. कोंबड्या बी घाबरायल्यात.”

मी बसले, आणि तिला सांगितलं. जे तिला माहीत होतं तेच तिला सांगितलं, भज्जी मी खाल्ली होती, तू माझ्यासाठी बोललीस, तुझं आयुष्य माझ्यामुळं असं झालं. मी रडत होते. मला वाटलं ती जवळ घेईल. अक्का रागावली. मी तिला इतकं रागावलेलं कधी बघितलं नव्हतं.

“तर ह्यासाटी व्हय हे समदं? दर आयतवारी दोनाच्या ठोक्याला फोन. माज्या आंगावर चार शाली हायेत, सुले, आन् ऊन बघ कसं पडायलंय. तू मला फेडायलीस? म्या तुला काय उसनं दिले हुते? तुला भूक लागली हुती, तू ल्हान हुतीस, म्या बोलले. देऊन टाकले. आन् तू तीस साल त्येचं ओझं करून वागवायलीस. एकदा बी मला नुसता बोलायला फोन केलीस का?”

मी म्हटलं, पण तुझं लग्न. तिनं सूप एकदा पाखडलं. “त्या पोराचं नाक मला आवडलं नव्हतं,” म्हणाली. ते खरं होतं की माझ्यासाठी दुसरं खोटं, मला कळलं नाही. मग सुपातला खडा काढून टाकत म्हणाली, “मला वाईट वाटलं न्हाई असं न्हाई. लई वाटलं. पर मागं बसून बी ऐकू येतंय. जे ऐकायचं ते म्या ऐकले. तुमी पुढं बसून काय ऐकत हुता, देवाला ठावं.”

अप्पांना सांगू का, असं विचारलं. “सांग न्हाईतर नगं सांगू. पर माज्यासाटी म्हणून सांगू नगंस.”

मी सांगितलं, शनिवारी सकाळी. अप्पा खाटेवर बसले होते. त्यांनी अक्काला हाक मारली, “शांते, खरं हाय?” ती आतून म्हणाली, “व्हय, अप्पा.” त्यांनी कापणारे हात एकमेकांत धरले. मग म्हणाले, “म्या चुकलो.” हा शब्द मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. मंडळीतल्या कितीतरी माणसांकडून त्यांनी तो म्हणवून घेतला होता. मला वाटलं, झालं, सुटले. पण ते पुढे म्हणाले, “मग तर माजा हक्कच गेला. उपास मोडला त्ये एक. पोरीवर अन्याव केला त्ये ह्याच्याहून मोठं. आता मरूस्तोर मागंच.” आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी खरं बोलून त्यांना आणखी एक पाऊल दाराबाहेर ढकललं होतं, आणि माझ्याकडे त्यावर कुठलंही औषध नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं प्रार्थनाघरात गेलो. अप्पा चटईवर, त्यांना धरून अक्का. लोकांनी मला पुढे जागा केली, परदेशातून आलेली लेक म्हणून. मी पुढे गेले नाही. अप्पांच्या दुसऱ्या बाजूला बसले. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं खाऊन आले होते, ते लपवायचंही मनात आलं नाही.

हल्लीचे पाळक कन्नड मिसळून बोलतात, अर्धं मला कळत नव्हतं. मग ताट निघालं. त्यांनी ते रांगेरांगेनं फिरवलं आणि आमच्यापर्यंत आणून थांबले. दर महिन्याला थांबत असावेत, आणि अप्पा मान हलवत असावेत. अप्पांनी मान हलवली. पाळक अवघडून उभे राहिले. तेवढ्यात अक्कानं हात लांबवून ताटातली भाकर घेतली. तीस वर्षांत तिनं त्या ताटाला हात लावला नव्हता. पुढच्या रांगांतली डोकी वळली. तिनं कुणाकडे पाहिलं नाही. भाकरीचे दोन तुकडे केले, एक आपल्या तोंडात टाकला, आणि दुसरा, रोज दोन वेळा नेते तसा, अप्पांच्या ओठांपाशी नेला.

अप्पांनी तोंड उघडलं. सवयीनंच उघडलं. घास आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ते थबकले, तिच्याकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले. थुंकायचं कसं, आणि गिळायचं कसं. अक्का हळूच म्हणाली, “चावा, अप्पा. अडकंल.” आणि ते चावायला लागले, रडत, दातच फारसे नसलेल्या तोंडानं, सावकाश. पाळकांनी प्याला पुढे केला तेव्हा अप्पांनी स्वतः हात वर उचलले. अक्कानं खालून आधार दिला.

मग ताट माझ्यापुढे आलं. मी घेतलं. गिळताना या वेळी त्रास झाला नाही.

घर कुठे, असं इथं कुणी विचारलं तर मी अजून अडखळते. परत आल्यावर पाय पुन्हा हलायला लागले, गेल्या आठवड्यात मी दुसऱ्याची शिफ्ट मागून घेतलीच. इतक्या वर्षांची खोड एका रविवारी जात नाही. पण त्या दिवशी प्रार्थना संपली, माणसं उठली, चपला शोधत बाहेर गेली, कुणीतरी चटया गुंडाळायला घेतल्या. अप्पा एका बाजूला, त्यांच्या पलीकडे अक्का. कुणाला काही द्यायचं नव्हतं. माझ्या मनात उठायचं आलंच नाही.